ओझूचा कॅमेरा इतका खाली का?

जमिनीलगत कॅमेरा ठेवणं ही जपानी सिनेदिग्दर्शक ओझूची नुसती लकब, कथेशी तिचा संबंध नाही, हे कुणीतरी मांडलेलं मत मला अजिबात पटलं नाही. कॅमेरा फारसा हलत नाही, उत्तरकाळात बहुतेक सगळं ५० मिमीच्या लेन्सनं टिपलेलं, हे खरंच. पण त्या उंचीवरून घर कसं दिसतं ते जमिनीवर बसून आयुष्य काढलेल्या माणसाला विचारा.

माझी आई सोलापुरात, पूर्व भागात, तीस वर्षं विड्या वळतेय. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, पाठ भिंतीला. दारात कोण आलंय हे ती मान वर न करता पावलांवरून ओळखते. विड्या वळता वळताच तिनं माझ्याबरोबर ओझूचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) पाहिला. भाषा येत नाही, म्हणून मी अधूनमधून सांगत होतो. म्हातारा-म्हातारी ओनोमिची या आपल्या गावाहून टोकियोला मुलांकडे येतात, मुलांना सवड नाही, युद्धात गेलेल्या मुलाची बायको नोरिको तेवढी रजा काढून त्यांना शहर दाखवते. तिथं आई म्हणाली, "हे कुणीतरी आपल्याशेजारी बसून बघतंय बघ." मला तोवर हे सुचलंच नव्हतं! माणसं उठून जातात, कॅमेरा मागे धावत नाही. रिकामी खोली, दोरीवरचे कपडे, धुराडी दिसत राहतात. सगळे कामाला-शाळेला गेले की आईलाही दिवसभर असंच घर दिसतं. शेवटी म्हातारा एकटा बसून हातपंख्यानं वारा घेतो, तेव्हा तिचे हात थांबले होते.