मदत हवी आहे: अमेरिकेतले पुढाऱ्यांवरचे फेडरल खटले आणि पाळत – न्याय्य की सूड, हे तपासायचं कसं?

ओसरी:

मंडळी नमस्कार,

वाद घालायला धागा काढलेला नाही, खरंच मदत हवी आहे. अमेरिकेत फौजदारी वकिली करणारे किंवा कोर्टात काम केलेले एक-दोघे इथे आहेत असं जुन्या धाग्यांवरून वाटतं. त्यांनी वेळ काढून लिहिलं तर फार बरं होईल.

न्यू जर्सीत आमच्याकडे मराठी घरांचा महिन्याचा कट्टा असतो. पुढचा विषय हाच ठरलाय आणि सूत्रसंचालन माझ्याकडे आलंय. कट्ट्यात सरळ दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, २०१६पासून एफबीआयने ट्रम्पच्या मागे लागून कायदा वाकवला. दुसऱ्याचं म्हणणं, आता ट्रम्प तोच कायदा हातात घेऊन जुने हिशेब चुकते करतोय. दोघांनाही आपापली उदाहरणं तोंडपाठ. त्यामुळे चर्चा लगेच ‘मग तुमच्या त्या अमक्याचं काय?’वर येते आणि कोणीतरी ताटं घ्यायला उठतं. मला अशी कसोटी हवी आहे, जी आरोपीचं नाव आणि पक्ष झाकून लावता येईल.

वाचलंय काय ते सांगते, म्हणजे कुठे अडलेय ते कळेल.

सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते टेड स्टीव्हन्स यांच्या खटल्याने. अलास्काचे रिपब्लिकन सिनेटर, १९६८पासून सिनेटमध्ये. जुलै २००८मध्ये त्यांच्यावर आरोप ठेवले गेले: व्हेको नावाच्या, तेलउद्योगातल्या कंपनीचे प्रमुख बिल ॲलन यांच्याकडून घराची दुरुस्ती आणि इतर वस्तू मिळून अडीच लाख डॉलरहून जास्त लाभ घेतले आणि सिनेटच्या वार्षिक विवरणपत्रात ते दाखवले नाहीत. स्टीव्हन्स म्हणाले, आलेली बिलं आम्ही भरली. शिवाय २००२मध्ये त्यांनी ॲलनला चिठ्ठी लिहून बिल मागितलं होतं. (त्या चिठ्ठीत त्यांनी भेटवस्तूंच्या भानगडीत अडकलेल्या, आमच्या न्यू जर्सीच्या सिनेटर टॉरिसेलींची आठवण करून दिली होती, मैत्री वेगळी आणि नियम वेगळे अशा अर्थाने. भानगडींच्या यादीत आमचं राज्य हटकून हजर!) कोर्टात ॲलनने साक्ष दिली की चिठ्ठी मनावर घेऊ नकोस, टेड फक्त स्वतःची कातडी वाचवतोय, असं दोघांच्या एका मित्राने आपल्याला सांगितलं होतं. २७ ऑक्टोबरला सातही आरोपांत दोषी. आठ दिवसांनी निवडणूक, आणि चार हजारांहून कमी मतांनी पराभव.

नंतर बाहेर आलं की एप्रिल २००८मध्ये सरकारी वकिलांनी याच ॲलनला विचारलं होतं, तेव्हा मित्राशी असं काही बोलणं झाल्याचं त्याला आठवत नव्हतं. कामाची किंमतही त्याने ८० हजार डॉलरच्या आसपास सांगितली होती. त्या मुलाखतीची टिपणं बचाव पक्षाला दिलीच गेली नाहीत. एप्रिल २००९मध्ये नवे ॲटर्नी जनरल (न्यायखात्याचे प्रमुख) एरिक होल्डर यांनी खटला मागे घ्यायची विनंती केली आणि न्या. एमेट सलिव्हन यांनी निकाल रद्द केला.

आता यात पक्षाचं गणित बसवून दाखवा. खटला भरला बुश यांच्या न्यायखात्याने, म्हणजे स्वतःच्याच पक्षाच्या सिनेटरवर. मागे घेतला ओबामांच्या ॲटर्नी जनरलने, विरोधी पक्षाच्या माणसासाठी. आणि तरी खटला अन्याय्य होताच.

दुसरं प्रकरण पाळतीचं. ट्रम्प यांच्या २०१६च्या प्रचाराचे माजी सल्लागार कार्टर पेज. फिसा कोर्टाकडून (हेरगिरीच्या संशयावरून पाळत ठेवायला परवानगी देणारं गुप्त कोर्ट) ऑक्टोबर २०१६मध्ये परवानगी घेतली आणि तीनदा वाढवली. डिसेंबर २०१९मध्ये न्यायखात्याचे इन्स्पेक्टर जनरल (खात्याच्या कारभाराची तपासणी करणारे) मायकल होरोविट्झ यांनी या अर्जांमध्ये १७ ठळक चुका आणि गाळलेल्या गोष्टी दाखवल्या. पेज पूर्वी सीआयएला माहिती देत असत, हे कोर्टाला सांगितलंच नव्हतं. एफबीआयच्या एका वकिलाने तर ईमेलमध्ये स्वतःचे शब्द घुसडून अर्थ उलटा केला. २०२०मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. मात्र तोच अहवाल असंही म्हणतो की चौकशी सुरू करण्यामागे राजकीय आकस होता असा पुरावा, कागदोपत्री किंवा साक्षीतून, मिळाला नाही. कट्ट्यातले दोन्ही तट हाच अहवाल उचलतात, फक्त पानं वेगळी.

माझे प्रश्न असे. ‘हेतू काय होता’ हे सिद्ध करणं इतकं अवघड असेल, तर सुरुवात तिथून करावीच का? दुसऱ्या कुठल्या गोष्टी तपासायच्या? आणि सिनेटरांचे फोन ट्रम्पवर खटले भरणाऱ्या विशेष सरकारी वकील जॅक स्मिथने ‘टॅप’ केले असं कट्ट्यात छातीठोक सांगितलं जातं, त्यात तथ्य किती?

---

उलटतपासणी:

ओसरीताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यावर सगळ्यात जास्त धुरळा आहे.

ज्याला आपण सरसकट फोन टॅप म्हणतो त्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात. गुन्ह्याच्या तपासात बोलणं ऐकायचं असेल तर १९६८चा वायरटॅप कायदा. न्यायाधीशासमोर सबळ कारण द्यावं लागतं, दुसरे मार्ग का पुरत नाहीत ते सांगावं लागतं, आदेश ३० दिवसांचा असतो, आणि नंतर त्या माणसाला कळवावं लागतं. परक्या सत्तेच्या हेरगिरीचा संशय असेल तर १९७८चा फिसा. हा आला तोच मुळी पुढाऱ्यांवरच्या पाळतीमुळे: मार्टिन ल्यूथर किंग यांचे फोन ऐकायला १९६३मध्ये ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी मंजुरी दिली होती, पुढे वॉटरगेट झालं, मग सिनेटर चर्च यांच्या समितीने हे सगळं उघड्यावर आणलं. फिसा कोर्टात ११ न्यायाधीश असतात, सरन्यायाधीशांनी नेमलेले. अर्जाची सुनावणी एकतर्फी आणि गुप्त. ज्याच्यावर पाळत आहे त्याला सहसा कधीच कळत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे कॉल रेकॉर्ड. कोणी कोणाला, कधी, किती वेळ फोन केला, एवढंच. १९७९च्या स्मिथ विरुद्ध मेरीलँड या निकालापासून सुप्रीम कोर्टाचं म्हणणं असं की तुम्ही लावलेले नंबर फोन कंपनीला दिसतातच, त्यामुळे ते मिळवायला वॉरंट नको. सबपीना (कागद हजर करा असा हुकूम) पुरतो. जॅक स्मिथच्या तपासाबद्दल ऑक्टोबर २०२५मध्ये सिनेटर ग्रासली यांनी जे उघड केलं ते हेच: आठ रिपब्लिकन सिनेटर आणि प्रतिनिधीगृहाचे एक सदस्य यांचे जानेवारी २०२१च्या काही दिवसांचे कॉल रेकॉर्ड. बोलणं ऐकलेलं नाही. तेव्हा ‘टॅप’ हा शब्द कट्ट्यात खोडून काढा.

पण दुसऱ्या तटाने लगेच टाळ्या वाजवू नयेत. सिनेटर कोणाला फोन करतो हे सरकारला कळणं लहान गोष्ट नाही. आणि हेच ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतही झालं होतं. बातम्या कोण फोडतंय हे शोधताना न्यायखात्याने काँग्रेसचे दोन सदस्य आणि ४३ कर्मचारी यांचे रेकॉर्ड मागवले. कर्मचारी दोन्ही पक्षांचे होते. इन्स्पेक्टर जनरलचा डिसेंबर २०२४चा अहवाल वाचा. मला त्यातली सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे, फोन कंपन्यांनी गप्प राहावं असे आदेश कोर्टाकडून घेताना हे नंबर काँग्रेसमधल्या लोकांचे आहेत हे न्यायाधीशांना सांगितलंच नव्हतं.

आता तुमची कसोटी. माझ्या मते प्रत्येक प्रकरणात एकच गोष्ट शोधा: समोरचा माणूस हजर नसताना सरकारने काय सांगितलं आणि काय दडवलं? फिसा अर्ज, ग्रँड ज्युरी (आरोप ठेवायचे की नाही ठरवणारे नागरिक), सबपीना, गप्प राहण्याचे आदेश, या सगळ्या जागी बोलणारा एकच पक्ष असतो. स्टीव्हन्स यांच्या खटल्यात बचावाचे वकील कोर्टात होते, पण टिपणं सरकारच्या कपाटात राहिली, म्हणजे तेही एकतर्फीच. हेतू शोधायला मनात शिरावं लागतं. हे कागदावर सापडतं.

---

शंकासुर:

एवढं लांब जायचं कशाला? आपल्याकडे ईडी आहे की. पक्ष बदलला की फाइल थंड. जगात सगळीकडे तेच.

---

उलटतपासणी:

शंकासुरराव, मोह समजतो, पण फरक आहे. पीएमएलएच्या (मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या) कलम ४५मुळे जामीनच अवघड, त्यामुळे निकालाआधीचा तुरुंग हीच शिक्षा होऊन बसते. स्टीव्हन्स काय किंवा न्यू जर्सीचे तेव्हाचे सिनेटर मेनेंडेझ काय, खटला चालू असताना बाहेर होते. तिथला घाव वेगळ्या जागी बसतो: वकिलांचा खर्च, निवडणुकीचं वेळापत्रक, नाव. ईडीवर वेगळा धागा काढा, मी येतो.

---

पाटीपेन्सिल:

उलटतपासणींनी एकतर्फी सुनावणीचं सांगितलं त्याला जोड देते. पेज यांच्या अर्जांनंतर इन्स्पेक्टर जनरलने फिसाचे इतर २९ अर्ज चाळले. चार अर्जांची आधाराची फाइल सापडलीच नाही, आणि उरलेल्या २५ तपासल्या तर एकही निर्दोष निघाली नाही. सरासरी वीसेक चुका. न्यायखात्याने नंतर सांगितलं की त्यातल्या फार थोड्याच गंभीर होत्या, आणि ते खरंही असेल. पण हे अर्ज काही ट्रम्पच्या माणसांपुरते नव्हते. म्हणजे ढिलाई सगळ्यांसाठी होती, फक्त पेज यांच्या बाबतीत कोणीतरी फाइल उघडून पाहिली. ज्या अनामिकांच्या फाइली कोणी उघडल्या नाहीत त्यांचं काय, हे कट्ट्यात नक्की विचारा.

मात्र एका बाबतीत मी सहमत नाही. कागद चोख असले तरी खटला अन्याय्य असू शकतो. १९४०मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल रॉबर्ट जॅक्सन यांनी फेडरल वकिलांसमोर जे भाषण केलं त्याचा गाभा हाच: आधी माणूस निवडायचा आणि मग त्याच्यासाठी गुन्हा शोधायचा, यात खरा धोका. फेडरल कायदे इतके आहेत की शोधलं तर सापडतंच. यावर कोर्टात दाद मागता येते, पण १९९६च्या आर्मस्ट्राँग निकालानंतर दार फार अरुंद आहे. तुमच्यासारखंच करणाऱ्या दुसऱ्यांना सोडलं आणि तुम्हाला भेदभावाने पकडलं, हे दोन्ही दाखवायचं. त्यासाठी लागणारे कागद सरकारकडे, आणि ते मागायलाच आधी थोडा पुरावा हवा!

आणि गंमत बघा. ज्या खटल्यांत हा प्रश्न खरोखर धसाला लागला असता ते भलत्याच दारातून बाहेर पडले. ट्रम्पवरचा गोपनीय कागदपत्रांचा खटला जुलै २०२४मध्ये न्या. कॅनन यांनी फेटाळला, कारण स्मिथची नेमणूकच बेकायदा. एफबीआयचे माजी प्रमुख जेम्स कोमी आणि न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स या ट्रम्पविरोधकांवरचे खटले नोव्हेंबर २०२५मध्ये न्या. करी यांनी फेटाळले, कारण ते भरणाऱ्या सरकारी वकील लिंडसे हॅलिगन यांची नेमणूक बेकायदा. आरोपी विरुद्ध टोकांचे, न्यायाधीश वेगळे, कारण जवळपास एकच. सूड होता की नाही, त्या निकालांत उत्तर नाही.

खटला *मागे घेण्यातला* पक्षपातही विसरू नका. न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर एरिक ॲडम्स यांच्यावरचा खटला न्यायखात्यानेच मागे घ्यायला लावला. न्यूयॉर्कच्या प्रभारी फेडरल ॲटर्नी डॅनिएल सासून यांनी त्यापेक्षा राजीनामा दिला. न्या. डेल हो यांना त्यात सरळ सौदेबाजीचा वास आला. पण सरकारला खटला चालवच म्हणून भाग पाडणं न्यायाधीशाच्या हातात नसतं. त्यांनी एवढंच केलं की खटला कायमचा बंद केला, म्हणजे पुन्हा उघडण्याची तलवार महापौरांच्या डोक्यावर राहू नये.

---

ओसरी:

उलटतपासणी, पाटीपेन्सिल, दोघांचेही मनापासून आभार. आता हातात काहीतरी आलं.

असं ठरवतेय की स्टीव्हन्स, पेज आणि ॲडम्स अशा तीन चिठ्ठ्या करायच्या. त्यात नाव नाही, पक्ष नाही, सालही नाही. फक्त सरकारने काय केलं ते. आधी सगळ्यांनी मत लिहून द्यायचं, मग नावं उघडायची. मेनेंडेझ घेतले असते, पण आमच्याकडे ते लोक पहिल्या ओळीतच ओळखतील (घरात सापडलेल्या सोन्याच्या विटा!). तसं ते उदाहरण दोन्ही तटांना अडचणीचं आहे: डेमोक्रॅट सिनेटर, आणि २०१५चा व २०२३चा असे दोन्ही खटले डेमोक्रॅट अध्यक्षांच्या काळात भरलेले.

एक शंका उरली. स्टीव्हन्स यांच्या खटल्यातल्या सरकारी वकिलांना शिक्षा काय झाली? कोर्टाने नेमलेल्या हेन्री शुल्की यांच्या २०१२च्या अहवालात पुरावा पद्धतशीर दडवला असं स्पष्ट आहे, आणि तरी त्यांच्यावर कोर्टाच्या अवमानाची कारवाई करा असं तो सुचवत नाही. हे कसं?

---

उलटतपासणी:

कारण अवमान व्हायला आधी नेमका आदेश हवा. १९६३च्या ब्रेडी निकालानुसार बचावाच्या उपयोगाचा पुरावा देणं बंधनकारक आहेच, पण या खटल्यात सलिव्हन यांनी तसा स्पष्ट आदेश काढला नव्हता. सरकारी वकिलांच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. म्हणून शुल्की यांचे हात बांधलेले. खात्याने दोघांना काही दिवस बिनपगारी निलंबित करायचं ठरवलं, तेही पुढे अपिलात टिकलं नाही.

ही फट बुजवायला ऑक्टोबर २०२०मध्ये कायदा झाला. आता प्रत्येक फेडरल फौजदारी खटल्यात, सरकारी वकील आणि बचावाचे वकील पहिल्यांदा एकत्र हजर होतात त्या दिवशीच न्यायाधीशाने ब्रेडीचा आदेश तोंडी आणि लेखी द्यायचा. फौजदारी प्रक्रियेच्या नियम ५(एफ)मध्ये आहे. सिनेटरलाही लागू आणि नेवार्कच्या कोर्टात उभ्या राहणाऱ्या कोणालाही. तुमच्या जिल्ह्याचा नमुना आदेश कोर्टाच्या संकेतस्थळावर असेल, पानभराचाच असतो. छापून न्या, स्टीव्हन्सची चिठ्ठी उघडल्यावर वाचायला द्या.