कारखान्यात इन्स्पेक्टर न सांगता यायला हवा की नको?

रबाळेकर

मी रबाळ्याला एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनच्या गाळ्यात, सुपरवायझर आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या गाळ्यात एका पोराची दोन बोटं गेली, तर्जनी आणि मधलं. ओरडणं ऐकून धावत गेलो. त्याला रिक्षात बसवून दिलं आणि मशीनपाशी परत आलो, कारण मला एकच गोष्ट बघायची होती.

या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच रॅम, म्हणजे वरचा दाबणारा भाग, खाली येतो. हात खालच्या साच्यात, डायमध्ये, राहायचा प्रश्नच नाही. इथे डाव्या बटणात लाकडाची पाचर मारून वरून काळी टेप गुंडाळली होती. टेपच्या कडेला तेल आणि धूळ बसून ती दगडासारखी झाली होती. काल-परवाचं काम नव्हतं ते. पीस रेटवर, म्हणजे नगामागे पैसे घेऊन, माल काढायचा, एका हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने बटण मारायचं. नग जास्त निघतात.

त्याच गाळ्यात भिंतीवर सुरक्षेची शपथ लावलीय. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाचे बिल्लेही वाटले होते. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय इथून जवळच, सीबीडी बेलापूरला.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. निरीक्षक आता ‘इन्स्पेक्टर कम फॅसिलिटेटर’ झाला, तपासणारा आणि मार्गदर्शनही करणारा. कोणाकडे जायचं ते संगणक ठरवणार, काही वर्गांच्या आस्थापनांना बाहेरच्या संस्थेकडून ऑडिट करून घ्यायची सोयही आहे. आपल्या देशाने 1949 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 81 क्रमांकाचा करार मान्य केला. त्यात निरीक्षकाला पूर्वसूचना न देता दिवसा-रात्री केव्हाही आत जाता यावं असं साफ लिहिलंय. माझं मत एवढंच: ती टेप कुठल्याही कागदावर दिसत नाही. रात्रपाळीला कोणी अचानक दारात उभं राहिलं तरच दिसते.

वागळे_गाळावाला

रबाळेकर, त्या पोराबद्दल वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या मताला माझा विरोध आहे.

माझा लेथ-मिलिंगचा गाळा आहे, वागळे इस्टेटला. सोळा माणसं. अचानक येणारा इन्स्पेक्टर मी पाहिलाय. साहेब मशीनपाशी गेलेच नाहीत. केबिनमध्ये बसले, चहा झाला, मग चुन्याचं रजिस्टर मागितलं. भिंतींना चुना कधी लावला याची नोंद ठेवायची असते, हे किती जणांना माहीत आहे? माझी नोंद अर्धवट होती. बाकीचं पाकिटात मिटलं. त्या दिवशी माझ्या एका लेथच्या चकला, म्हणजे जॉब पकडून गरगर फिरणाऱ्या भागाला, गार्ड नव्हता, तो त्यांनी पाहिलाही नाही.

गार्ड मी बसवला तो माझ्या भाच्याची बाही चकमध्ये ओढली गेली तेव्हा. शर्ट फाटला म्हणून हात वाचला. त्यानंतर आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑडिटवाल्याने बाकीच्या मशीनचे गार्ड लावायला लावले, नाहीतर ऑर्डर बंद. सरकारी माणसाने वीस वर्षांत जे केलं नाही ते त्याने एका दुपारी केलं. संगणक नाव काढतो म्हणजे पाकीट मिळणाऱ्या ‘आपल्या’ गाळ्यांवर पुन्हा पुन्हा फेऱ्या मारणं बंद होतं. त्यात वाईट काय आहे?

तळोजा_शिफ्ट_सी

वागळेदादांशी सहमत. दिवाळीच्या आधी साहेबांच्या फेऱ्या वाढतात हे आम्हीही बघतो.

ऐरोलीचे_काका

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात केमिकल कारखान्यांत सेफ्टी ऑफिसर म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघंही प्रेस आणि लेथ डोळ्यांसमोर ठेवून बोलताय.

भोपाळच्या वायुगळतीनंतर 1987 मध्ये कारखाना अधिनियमात धोकादायक प्रक्रियांवर अख्खं नवं प्रकरण घातलं. कारखाना कुठे उभा राहतो हे तपासायला समिती, कामगाराला रसायनाची माहिती मिळवायचा हक्क, जिवाला धोका दिसला तर तो कळवायचा हक्क, सगळं त्यात होतं. तरीही डोंबिवली एमआयडीसीत 26 मे 2016 ला स्फोट झाला, आणि 23 मे 2024 ला पुन्हा. दोन्ही वेळा आजूबाजूच्या घरांच्या काचा फुटल्या, माणसं गेली. कायदा पुस्तकात होता. रिअ‍ॅक्टरपाशी, जिथे रसायनांची प्रक्रिया होते तिथे, कोण उभं होतं?

म्हणून मला संगणकाच्या चिठ्ठीचीच धास्ती वाटते. पापडाचा कारखाना आणि सॉल्व्हंटचा कारखाना एकाच मडक्यातून काढायचे नसतात. जिथे धोका जास्त, तिथे फेरी जास्त, एवढं साधं आहे ते.

आणि अचानक फेरीत काय सापडतं, ते सांगतो. टाकीत माणूस उतरवायचा तर आधी प्राणवायू मोजायचा, 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. हायड्रोजन सल्फाइड असेल तर आणखी वाईट. आधी सडक्या अंड्यांचा वास येतो, प्रमाण वाढलं की नाक मरतं आणि माणसाला वाटतं वायू गेला. एका ठिकाणी मी सकाळी सात वाजता न सांगता गेलो. टेबलावर आठवड्याभराचे टाकीत उतरायचे परमिट आधीच तयार होते. सहाही दिवसांचा प्राणवायू 20.9, एकाच पेनने, एकाच हाताने लिहिलेला. सही माझ्याच असिस्टंटची. सांगून गेलो असतो तर मला फक्त त्या दिवसाचा कागद दाखवला असता.

वागळे_गाळावाला

काका, केमिकलचं मान्य. पण मग तेच म्हणा ना, की धोकादायक कारखान्यांना वेगळा न्याय लावा. आमच्यासारख्यांना त्यात का ओढता? आणि रबाळेकर, तुमच्या शेजारी किती माणसं आहेत? नव्या संहितेत विजेवर चालणारा कारखाना म्हणजे वीस कामगार. आठ-दहा माणसांच्या गाळ्यात तुमचा इन्स्पेक्टर कारखाना म्हणून येणारच नाही, सांगून नाही आणि न सांगताही नाही.

रबाळेकर

दादा, नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलंत. शेजारी एका छताखाली तीन पाट्या आहेत. तिन्ही नावांचा मालक एक, कॉम्प्रेसर एक, जेवणाचा डबा ठेवायची जागा एक. मस्टर, म्हणजे हजेरीपट, तीन. ठेकेदाराची पोरं तर कुठल्याच मस्टरवर नाहीत. मोजली तर सव्वीस भरतात, मी मोजलीयत. संहितेत ठेकेदाराचा कामगारही कामगारच आहे. पण मोजायचं कोणी? घरी बसून भरलेल्या ऑनलाइन फॉर्मवर तिथे आठच माणसं दिसणार.

कळव्याची_वैशू

मी पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या भावाची तर्जनी प्रेसवर गेली, ठाण्यातच. कंपनीचं नाव नाही लिहीत.

ठेकेदाराने त्याला ई.एस.आय.च्या, म्हणजे कामगार विम्याच्या, दवाखान्यात नेलंच नाही. खाजगी नर्सिंग होममध्ये नेलं, बिल स्वतः भरलं, आम्ही पाया पडायचे बाकी होतो इतके उपकार वाटले तेव्हा. केसपेपरवर ‘घरच्या दारात बोट सापडलं’ असं लिहिलंय हे मला दोन महिन्यांनी कळलं. आमच्या घराला लोखंडी दार नाहीच, पत्र्याचं आहे. नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात अख्खी तर्जनी म्हणजे 14 टक्के कमाईचं नुकसान, मधलं बोट 12, अंगठा 30. हे मला एका युनियनवाल्या काकांनी दाखवलं. पण दारात सापडलेल्या बोटाला टक्के मिळत नाहीत.

जखमी कामगार अठ्ठेचाळीस तास कामावर येऊ शकला नाही तर अपघात कळवायचा, असा कारखान्याचा नियम आहे. भाऊ दुसऱ्याच दिवशी हाताला बँडेज बांधून गेटवर बसला होता, हजेरी लावायला, म्हणजे कळवायलाच नको. तुम्ही सगळे इन्स्पेक्टर सांगून यावा की न सांगता यावर भांडताय. आला तर तो माझ्या भावाशी कुठे बोलणार? मालकाच्या केबिनमध्ये, मालकासमोर? भाऊ काय बोलेल तिथे?

ऐरोलीचे_काका

वैशू बेटा, यासाठी कायद्यात तरतूद होती. तक्रार कोणी केली हे निरीक्षकाने मालकाला सांगायचं नाही, तपासणी तक्रारीवरून होतेय हेही सांगायचं नाही. 81 क्रमांकाच्या करारातही तेच आहे. म्हणूनच अचानक जाणं लागतं. ज्या गाळ्यात तक्रार झाली त्याच गाळ्यात नोटीस पाठवून गेलो, तर मालक त्याच संध्याकाळी नाव शोधून काढतो. आठ-दहा माणसांत शोधायला वेळ लागत नाही.

तुझ्या भावाचा पहिल्या दिवसाचा एक्स-रे, नर्सिंग होमचं बिल कोणाच्या नावाने फाडलं ते, आणि त्या दिवशी सोबत काम करणाऱ्या कोणाचा तरी जबाब, एवढं गोळा कर. ठेकेदाराने बिल का भरलं, याचं उत्तर त्याला द्यावं लागेल.

वागळे_गाळावाला

ताई, बिलाची झेरॉक्स आधी काढून ठेवा, मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नका. काकांचं तक्रारीबद्दलचं म्हणणं मला पटलं. तक्रार असेल तिथे न सांगता जा, माझी हरकत नाही. पण जो जाईल त्याने आधी मशीनपाशी जावं, केबिनमध्ये नंतर. आणि काय पाहिलं ते तिथेच फोटोसकट चढवावं. चुन्याच्या रजिस्टरसाठी मी पुन्हा पाकीट देणार नाही.

रबाळेकर

दादा, यावर आपलं जमलं.

एक गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती. त्या दिवशी शेजारून परत आलो आणि आमच्या सातही प्रेस तपासल्या. तीन नंबरवर टेप होती. माझ्या देखरेखीखालच्या मशीनवर. रात्रपाळीचा ऑपरेटर रात्री लावतो आणि सकाळी मी यायच्या आत काढतो. त्याला माझ्याबद्दल एवढंच माहीत होतं: मी कायम नऊला येतो.

टेप काढली, बटणांभोवती वरून कॉलर, म्हणजे उंच कडी, बसवून घेतल्या, म्हणजे पाचर शिरत नाही. तीन नंबरचे नग उतरले. मालकांनी विचारलं तेव्हा पाचर त्यांच्या टेबलावर ठेवली. या आठवड्यात मी दोनदा पहाटे चारला जाऊन आलो, वॉचमनलाही न सांगता.