एकदम लेव्हल ८ नको, आधी बेसलाइन काढा

रावेरच्या भाऊंनी केळीच्या काटा-पावतीच्या जुन्या कोडवर पीएचपीस्टॅन (पीएचपी कोड न चालवता त्यातल्या चुका शोधणारं टूल; लेव्हल ० ते १०, जितकी वरची तितकी तपासणी कडक) थेट लेव्हल ८ ला चालवलं आणि एररचा ढीग पडला. त्यांच्या पोस्टवर कोणीतरी इग्नोर-एरर्समध्ये (कॉन्फिगमधली दुर्लक्ष करायच्या एररची यादी) सरसकट पॅटर्न टाकायला सांगितलंय. तसं नका करू भाऊ. उद्याच्या नव्या कोडमधली तीच चूकही त्यात गडप होईल.

लेव्हल ५ ला थांबा. तिथे आर्ग्युमेंटचे (फंक्शनला दिलेल्या किमतींचे) टाइप तपासले जातात. वजनाला फ्लोट (दशांश आकडा) हवा आणि स्ट्रिंग (मजकूर) गेली, की लगेच कळतं. उरलेल्या एरर जनरेट-बेसलाइन ऑप्शनने बेसलाइनमध्ये, म्हणजे जुन्या माहीत असलेल्या एररच्या यादीत, नोंदवा. तयार झालेली फाइल कॉन्फिगच्या इन्क्लूड्समध्ये जोडा, नाहीतर सगळं जैसे थे. बेसलाइन प्रत्येक फाइलमधल्या प्रत्येक एररचा आकडा धरते. ३ च्या ४ झाल्या तर ओरडते, २ झाल्या तरी ओरडते (हे चांगलंच आहे); दुरुस्ती केली असेल तर बेसलाइन पुन्हा काढायची.

लेव्हल ६ म्हणजे नुसती टाइपहिंटची (कोडमध्ये टाइप लिहून ठेवायची) हमाली, अ‍ॅरेत काय आहे तेही लिहा. खरा माल ८ मध्ये: पावती शोधली, सापडली नाही, नल (म्हणजे काहीच नाही) आला, आणि पुढच्याच ओळीत त्या नलवर वजनाची मेथड. ९ आणि १० मिक्स्डच्या (टाइप काहीही असू शकतो अशा किमतींच्या) मागे लागतात, जुन्या कोडला तूर्त नकोच.