धातू तापला की स्थितिस्थापकता वाढते की कमी होते? नक्की शब्द कुठला वापरायचा

दादरची:
मराठी मिडियमच्या अकरावीच्या मुलांसाठी फिजिक्सच्या नोट्स लिहितेय, त्यात इलॅस्टिसिटीला एका जुन्या नोट्समधे लवचिकता लिहिलंय आणि दुसरीकडे स्थितिस्थापकता. सूत्र तर सोपं आहे, स्थितिस्थापकता गुणांक भागिले घनता आणि त्याचं वर्गमूळ म्हणजे सळईतल्या ध्वनीचा वेग. पण एका मुलीने लिहिलं की लोखंड तापवलं की लवचिक होतं म्हणून त्यात ध्वनी जास्त वेगाने जातो. उत्तर चूक आहे पण तिला दिलेल्या शब्दावरून तिचा तर्क अगदी बरोबर निघतो, म्हणून मला राहवेना.

मुलुंडवाला:
ताई, लवचिकता काढूनच टाका. लवचिक म्हणजे सहज वाकणारं, वेताच्या छडीसारखं, आणि सूत्रातला गुणांक नेमका उलटं सांगतो, म्हणजे वाकवायला ताणायला किती जोर लागतो ते. म्हणून तर रबरापेक्षा पोलाद जास्त स्थितिस्थापक म्हणतात. धातू तापला की अणू जास्त थरथरतात, त्यांच्यातलं सरासरी अंतर वाढतं आणि एकमेकांवरची पकड ढिली पडते, त्यामुळे गुणांक उतरतो. घनता पण जराशी कमी होते, नुसत्या तेवढ्याने वेग वाढला असता, पण गुणांकातली घट त्याच्यापेक्षा बरीच मोठी असते त्यामुळे शेवटी वेग कमीच होतो. मुलांचा गोंधळ हवेमुळे पण होतो बरं का, हवेत 0 अंशाला 331 मीटर प्रतिसेकंद आणि 20 अंशाला 343, म्हणजे तिथे तापमानाबरोबर वेग वाढतो, आणि तेच डोक्यात बसलेलं असतं.

चेंबूर एनडीटी:
हा नुसता शब्दांचा प्रश्न नाहीये, एनडीटी म्हणजे माल न तोडता तपासणी, आमचं रोजचं काम आहे म्हणून सांगतो. अल्ट्रासॉनिक थिकनेस गेजमधे स्टीलसाठी 5,900 मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास वेग भरलेला असतो (सळईच्या सूत्राने 5,000च्या जवळपास येतो, जाड मालात लहर वेगळी चालते म्हणून हा फरक). गेज आवाज जाऊन परत यायला लागलेला वेळ मोजतं आणि त्यावरून जाडी काढतं. आता पाइप गरम असेल तर दर 55 अंश सेल्सिअसला वेग साधारण 1 टक्का पडतो, म्हणजे 30 अंशाला कॅलिब्रेट केलं आणि 250 अंशाच्या पाइपवर लावलं तर 10 मिलिमीटरची भिंत 10.4 दिसणार. गंजून पातळ झालेला पाइप जाड दिसतो, चूक धोक्याच्याच बाजूला जाते! मला विचाराल तर सरळ ताठरता लिहा, तापला की ताठरता कमी, कुणालाही कळेल.

मुलुंडवाला:
दादा, ताठरता समजायला छान आहे पण ती वस्तूची असते, तीच सळई दुप्पट जाड घेतली की जास्त ताठर, गुणांक मात्र तोच राहतो कारण तो पदार्थाचा असतो. आणि कठीणपणा तर अजिबात नको. लोहार पोलादाला पाणी देतो तेव्हा ते कितीतरी कठीण होतं, पण गुणांक जवळपास तेवढाच राहतो आणि ध्वनीच्या वेगात फार फरक पडत नाही.

दादरची:
पटलं. मग असं लिहिते: "तापमान वाढले की धातूचा स्थितिस्थापकता गुणांक कमी होतो, म्हणजे तो ताणायला सोपा जातो, आणि त्यामुळे त्यातील ध्वनीचा वेग कमी होतो." ताठरता स्पष्टीकरणात तोंडी सांगेन, आणि गेजचं उदाहरण घेतेच, मुलांना आवडेल.

मुलुंडवाला:
झकास. फक्त धातूच्या आधी "बहुतेक" घाला. भौतिकशास्त्रज्ञ गियोम यांना 1920चं नोबेल मिळालं ते निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंवरच्या कामासाठी, त्यातल्या एलिनव्हारचा गुणांक नेहमीच्या तापमानात जवळजवळ बदलत नाही, म्हणून घड्याळातल्या बारीक स्प्रिंगसाठी तो वापरायचे.