ठेच लागल्यावर चोळलं की दुखणं कमी का होतं?

प्रश्न: ठेच लागली की आधी स्पर्श कळतो, मग चटका, मग ठणका. मेंदू हे वेगळं कसं ओळखतो? आणि चोळल्यावर आराम का पडतो?

उत्तर १: फरक चेतातंतूंपासूनच सुरू होतो. स्पर्शाचे जाड ए-बीटा तंतू सेकंदाला साधारण ३५ ते ७५ मीटर वेगाने संदेश नेतात, चटक्याचे ए-डेल्टा ५ ते ३०, आणि ठणक्याचे मायलिन (तंतूंवरचं वेग वाढवणारं आवरण) नसलेले सी तंतू जेमतेम ०.५ ते २ मीटर. म्हणून हा क्रम.

उत्तर २: चोळण्याचं उत्तर मज्जारज्जूत आहे. ए-बीटा तंतू तिथल्या अवरोधक पेशींना जागं करतात, त्यामुळे वेदनेचा संदेश वर जाण्याआधीच दबतो. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांचा १९६५ चा ‘गेट कंट्रोल’ सिद्धान्त तो हाच. तपशील पुढे बदलले, गाभा टिकला. हाड मोडल्याची शंका असेल तर मात्र चोळू नका.

उत्तर ३: वाटाही वेगळ्या. सूक्ष्म स्पर्शाची वाट लंबमज्जेत (मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जूच्या वर) बाजू बदलते, वेदनेची मज्जारज्जूतच. म्हणून मज्जारज्जूचा उजवा अर्धा भाग तुटला, तर त्याखाली उजवीकडचा सूक्ष्म स्पर्श जातो आणि डावीकडची वेदना!

प्रश्नकर्ता: मग नुसता कपडा लागला तरी दुखतं, ते?

उत्तर २: ते अ‍ॅलोडिनिया. अवरोध ढिला पडला की साधा स्पर्शही वेदनेच्या पेशींना चेतवतो. तिथे चोळलं तर दुखणं वाढतंच.