अनुभव धागा: निमोच्या गोष्टीतनं तुम्हाला काय गावलं?

सुट्ट्या लागल्यात, बाहेर सोलापूरचं ऊन, पोरं घरात कोंडलेली, त्यामुळं आमच्या टीव्हीवर परत एकदा ‘फाइंडिंग निमो’ चालू झालाय, तोच, हरवलेल्या निमो नावाच्या पिल्लाला शोधत समुद्र पालथा घालणाऱ्या बाप माशाचा कार्टून पिक्चर. २००३ चा पिक्चर आहे, म्हणजे ज्यांनी तो शाळेत असताना बघितला ते आता स्वतः पोरं सांभाळूलालेत. समुद्र आपल्यापासून कुठल्या कुठं, तरी हा पिक्चर इथं एवढा का चालतो काय माहीत. तर सांगा, त्यातनं तुम्हाला काय मिळालं. फक्त ‘कष्टाचं फळ गोड’ टाइप लिहू नका, ते पोरांच्या पुस्तकात आहे. आपल्या घरातलं लिहा.

अशोक चौक, एक आई

माझ्या मुलाचा उजवा हात जन्मापासून कमजोर आहे, बोटं नीट वळत नाहीत. निमोचा उजवा पंख तसाच लहान, ते दिसल्यावर हा टीव्हीसमोर जाऊन उभाच राहिला. निमोचे बाबा त्या पंखाला लकी म्हणतात ना, मग काय, आमच्याकडं येणारा प्रत्येक पाहुणा ‘काय मग, लकी हात’ म्हणायला लागला. पण माझं लक्ष दुसऱ्याच माशावर गेलं. निमोला पकडून ज्या डेंटिस्टच्या टाकीत ठेवतात तिथं तो गिल आहे बघा, ज्याचा स्वतःचा पंख फाटलेला आहे. निमो पाइपमध्ये अडकतो, बाकीचे मासे मदतीला धावतात आणि हा म्हणतो कुणी हात लावायचा नाही, आत गेला तसा बाहेर येईल. पहिल्यांदा बघताना वाटलं काय दुष्ट मासा आहे. पण तो नुसता सोडून देत नाही, पंख कसा हलव, शेपटी कशी मार हे समोर थांबून सांगतो.

आमच्याकडं बरोबर उलटं चालतं. पीटीला ‘त्याला राहू दे’, गॅदरिंगला ‘त्याला राहू दे’, कुणाच्या मनात वाईट नसतं म्हणून भांडता पण येत नाही. सासूबाई तर ताटात भाकरी मोडून द्यायच्या. आणि आमची ती कडक भाकरी, पापडासारखी, ती मोडायला दोन हात लागणारच. आता तो डाव्या हाताच्या मुठीनं वरनं बुक्की मारतो, अर्धे तुकडे फरशीवर, शेंगाचटणी गादीपर्यंत. मी नंतर झाडू मारते पण मोडून देत नाही, सासूबाई तोंड फिरवून बसतात.

जुळे सोलापूर, एक बाप

ताई, गिलचं पटलं, पण माझं जमतं त्या बापाशी, मार्लिनशी. लोक भित्रा म्हणून हसतात त्याला. अहो सुरुवातीलाच त्याची बायको आणि चारशेच्या वर अंडी बाराकुडा माशानं खाल्ली, एक उरलं, मग तो भिणार नाही तर काय नाचणार?

आपल्या सोलापुरात घरटी हेच आहे. बारावी झाली की पोरगं पुण्याला, नोकरी पण तिकडंच, आणि इथं वरच्या खोलीला कुलूप. मुलीला ॲडमिशन मिळाली तेव्हा मी अट घातली, रोज रात्री फोन आणि मोबाइलचं लोकेशन कायम चालू. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही लै मार्लिन होऊलालाव.’ तेव्हा मी पिक्चर नीट बघितला. देवमाशाच्या तोंडात अडकल्यावर मार्लिन रडकुंडीला येऊन म्हणतो, पोराला काही होऊ देणार नाही असा शब्द दिला होता मी. त्यावर त्याच्यासोबतची ती विसरभोळी मासोळी डोरी सहज बोलून जाते की काहीच होऊ द्यायचं नाही म्हटलं तर त्याच्या आयुष्यात काहीच व्हायचं नाही. आणि थोड्या वेळानं ती हात सोड म्हणते तेव्हा काही वाईट होणार नाही याची तिच्याकडं पण गॅरंटी नसते, तसं ती सांगते पण.

आता मुलगी हुतात्मा एक्स्प्रेसनं एकटी ये-जा करते. लोकेशन तिनं बंद केलंय, मी विचारत नाही. बायको विचारते, तिच्याकडनं मला कळतं.

विजापूर रोड, नर्स

डोरीवर सगळे हसतात म्हणून लिहिते. २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सिनेमातल्या विसरण्याच्या आजारावर एक लेख आला होता. बहुतेक पिक्चरमध्ये डोकं आपटलं की सगळं विसरलं, परत आपटलं की आठवलं असला प्रकार असतो, पण डोरी खऱ्या पेशंटच्या बरीच जवळ जाते असं त्यात होतं. नवीन काही लक्षात राहत नाही, नावं चुकतात, सोबतचा सुटला की गोंधळ उडतो.

माझी आज्जी दिवसभर ‘पाणी आलं का गं’ विचारते. आमच्याकडं चार-पाच दिवसांनी येतं त्यामुळं प्रश्न चुकीचा पण म्हणता येत नाही. पण बसवण्णांची वचनं कन्नडमध्ये एकदा सुरू केली की कुठं अडखळत नाही. ‘आत्ताच सांगितलं की’ हे वाक्य आम्ही घरात बंद केलंय. भावाला अजून जमत नाही.

शेळगी, जीवशास्त्राचे शिक्षक

थोडं रसभंग करतो. खऱ्या क्लाउनफिशमध्ये, म्हणजे निमोच्या जातीच्या माशांत, मादी मेली की जोडीचा नर स्वतःच मादी होतो, म्हणजे मार्लिन हळूहळू निमोची आई झाला असता. आणि सगळी गटारं समुद्राला मिळतात हे पिक्चरमध्ये ऐकून पोरांनी घरातला मासा कमोडमध्ये सोडू नये. आपलं पाणी गेलंच तर सीना, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागरात. मासा त्याआधीच संपतो.

(सर, धागा भरकटूलालाय, पण हे माहीत नव्हतं.)

कुंभारी

काय बे, सगळे डोरीचं ‘पोहत राहा’ म्हणून स्टेटस ठेवतात, अभ्यासिकेत तर भिंतीवर चिकटवलंय, दिसलं की डोकं फिरतं माझं. एकट्यानं किती पोहायचं? मला जाळ्याचा सीन आवडतो. डोरी शेकडो माशांबरोबर जाळ्यात, जो तो आपल्या बाजूला धडपडूलालाय, आणि निमो आत घुसून सांगतो सगळे मिळून खाली पोहा, मग जाळं टांगलेलं लाकूडच मोडतं. ही आयडिया त्याला टाकीतनं आलेली, तिथं डेंटिस्टच्या छोट्या जाळीत सगळे असेच घुसले होते.

माझी आज्जी विडी कामगार, आम्ही गोदूताई परुळेकर वसाहतीत राहतो. विडी वळणाऱ्या बायकांची १०,००० घरं आहेत हितं, मोर्चे काढून काढून मिळालेली. आज्जी पण जायची, दुपारी विड्या कारखान्यात देऊन मग मोर्चा. तिला हा सीन मुद्दाम दाखवला, मराठी तिला कमी कळतं म्हणून शेजारी बसून तेलुगूत सांगूलालो होतो. लाकूड मोडलं तशी म्हणाली, एवढ्या उशिरा कळलं होय यांना, आणि पान कापायला लागली परत.