रात्री वाचायला थरारक आणि भयकादंबऱ्या सुचवा (सोलापुरात मिळतील अशा)

गच्चीवरची_वाचक
मुलं झोपली की रात्री गच्चीवर बसून वाचते. आतापर्यंत सामाजिक कादंबऱ्याच जास्त वाचल्या. आता रहस्य, भय, थरार असं काहीतरी हवंय. अटी दोनच. रक्तामांसाची वर्णनं फार नकोत आणि शेवट पटणारा हवा. तीनशे पानं उत्सुकता ताणून शेवटी 'ते सगळं स्वप्न होतं' असं सांगितलं की फार राग येतो. भूत असलं तरी चालेल, नसलं तरी चालेल. इंग्रजी वाचायची सवय नाही, अनुवाद मात्र चालतील.

सातरस्ता
ताई, डोळे झाकून नारायण धारप घ्या. 'लुचाई'पासून सुरुवात करा. ती स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे, पण माणसं, घरं, बोलणं सगळं आपलं वाटतं. एक अख्खं गाव घराघराने हातचं जातं. शेजारी काय झालंय हे त्या माणसांना कळत नाही, आपल्याला मात्र कळलेलं असतं. भीती वाटते ती तिथेच, रक्ताची गरजच पडत नाही. आवडली तर मग 'समर्थ' मालिकेकडे वळा. दुष्ट शक्तींशी लढणारा जाणता माणूस मध्ये असल्यामुळे तिथे वाचकाला आधार वाटतो. 'लुचाई' वाचताना तसा आधार वाटत नाही.

पार्कचौक
माझं मत वेगळं आहे. आधी रत्नाकर मतकरी वाचा. कादंबरीच हवी हा आग्रह थोडे दिवस बाजूला ठेवा आणि 'खेकडा' हा गूढकथासंग्रह घ्या. धारपांकडे भीती बाहेरून येते. मतकरींकडे ती घरातल्याच माणसाच्या मनात असते आणि दाराला कडी घालून ती थांबत नाही. 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण याच लेखकाची, हे मला अजूनही नवल वाटतं. एका बैठकीत एक कथा संपते, त्यामुळे मुलांच्या आईला सोयीचंही पडतं.

सातरस्ता
मतकरी थोर आहेतच, पण ताईंनी कादंबरी मागितली आहे. चार-पाच रात्री एकाच भीतीत राहण्याचा अनुभव कथेत मिळत नाही.

विजापूरवेस
भुताशिवाय थरार हवा असेल तर ॲगाथा ख्रिस्तीचे अनुवाद बघा. बेटावर अडकलेली दहा माणसं एकामागून एक मरतात, ती 1939 सालची 'अँड देन देअर वेअर नन' ही कादंबरी तर नक्कीच. शेवटाबद्दलची तुमची अट ती पूर्ण करते, प्रत्येक मृत्यूचा हिशेब लागतो. त्या खालोखाल 'ड्रॅक्युला'. 1897 चं पुस्तक, पण रचना आजही पकड घेते. सगळी गोष्ट रोजनिशीच्या नोंदी, पत्रं आणि बातमीच्या कात्रणांतून येते. प्रत्येकाला तुकडाच माहीत असतो, तुकडे जोडायचं काम वाचकाचं. फक्त संक्षिप्त अनुवाद घेऊ नका. पानं गाळली की या पुस्तकातली भीतीच निघून जाते.

नवीपेठ_जुना_वाचक
बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचे नायक झुंजार आणि काळापहाड कसे राहिले? आमच्या पिढीला वाचनाची गोडी त्यांनी लावली. सुहास शिरवळकरही घ्या. त्यांचं नाव निघालं की लोक 'दुनियादारी'वरच थांबतात. पण फिरोज इराणी, अमर विश्वास, दारा बुलंद या नायकांच्या रहस्यकथा वेगाने पळतात, रात्री खाली ठेववत नाहीत.

गच्चीवरची_वाचक
सगळ्यांचे मनापासून आभार. ही पुस्तकं मिळतील कुठे? विकत घेण्याआधी एखाद-दुसरं वाचून बघायचं आहे.

पार्कचौक
हिराचंद नेमचंद वाचनालयात चौकशी करा. तिथे जाताना लेखकाचं नाव आणि दोन-तीन पुस्तकांची नावं लिहून न्या, म्हणजे एक बाहेर गेलेलं असलं तरी हात हलवत यावं लागणार नाही. धारपांची बरीच पुस्तकं साकेत प्रकाशनाने नव्याने छापली आहेत, त्यामुळे विकतही मिळतात. अर्नाळकर मात्र जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शोधावे लागतील.

गच्चीवरची_वाचक
मग आधी 'लुचाई', सोबतीला 'खेकडा'. धारपांचंच 'शपथ' एका मैत्रिणीकडे आहे, ते आधी घेऊ का?

सातरस्ता
इतक्यात नको, ताई. 'शपथ' किंगच्या 'इट'वर बेतलेली आहे आणि मूळ गोष्टीत लहान मुलंच त्या भयाचं भक्ष्य होतात. पुस्तक उत्तम आहे, पण शेजारी मुलं झोपलेली असताना ते जड जाईल. मैत्रिणीला सांगून ठेवा, दिवाळीच्या सुट्टीत दिवसा वाचा. 'लुचाई' संपली की इथे कळवा, त्यावर बोलायला मला फार आवडेल.